खातं बंद करा, पण का ते लिहून द्या: राष्ट्रसुरक्षा आणि समाजमाध्यमं

रानवारा

८ मे २०२५ ला, ऑपरेशन सिंदूर चालू असताना, एक्सने (पूर्वीचं ट्विटर) एक निवेदन काढलं. आठ हजारांहून जास्त खाती भारतात दिसू नयेत असे सरकारी आदेश आले आहेत, ते पाळले नाहीत तर दंड आणि इथल्या कर्मचाऱ्यांना तुरुंगवास होऊ शकतो, असं त्यात होतं. पुढे असंही म्हटलं होतं की बहुतेक खात्यांच्या बाबतीत नेमकी कोणती पोस्ट बेकायदा आहे तेच सांगितलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी 'द वायर' हे संकेतस्थळ देशात उघडेनासं झालं आणि नंतर पुन्हा सुरू झालं.

ते दिवस साधे नव्हते हे मला मान्य आहे. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका संध्याकाळी तिघांनी टाकला. तो खोटा असल्याचं पीआयबीला, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाला, जाहीर करावं लागलं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं तर आपल्याच वाहिन्या ओरडून सांगत होत्या. अशा वेळी सरकारने हातावर हात ठेवून बसावं असं मी म्हणणार नाही. मजकूर बंद करण्याचा अधिकार सरकारला असायला हवा, आणि तो आहेही: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ.

माझं भांडण आहे ते गुप्ततेशी. या कलमाखालच्या २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम म्हणतो की तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. नोटीस एकट्या प्लॅटफॉर्मला गेली तरी नियमाचं समाधान होतं, म्हणून लिहिणाऱ्याला बऱ्याचदा काहीच कळत नाही. त्याला इतकंच दिसतं की कायदेशीर मागणीवरून आपलं खातं भारतात रोखलं आहे. कोणी मागणी केली, कोणत्या वाक्यावरून केली, किती दिवसांसाठी केली, याचा पत्ता नाही.

मग तपासणी कोण करतं? फेरआढावा समिती. त्यात कोण, तर मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. दोन महिन्यांतून निदान एकदा त्यांनी बसायचं. तिघेही सरकारी अधिकारी. न्यायाधीश नाही, संसदेचा कोणी नाही, बाहेरचाही कोणी नाही.

२०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातलं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम) रद्द केलं पण ६९अ कायम ठेवलं. त्यामागचं एक मोठं कारण असं, की ६९अ खाली कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीच्या आधारे उच्च न्यायालयात दाद मागता येते. आता मला सांगा, तो कागद ज्याचं खातं गेलं त्याला मिळतच नसेल तर दाद कशाच्या आधारे मागायची?

माझी मागणी एकच आहे. ज्याचा आवाज बंद केला त्याच्या हातात कारणासह आदेश पडावा. युद्ध चालू असेल तर चार दिवस उशिरा पडू दे, एखादी ओळ काळी करून पडू दे, पण पडू दे. यावर सगळ्यांचं मत वाचायला आवडेल, विशेषतः विरोधी मत.

सिग्नलमॅन७१

मी फौजेत सिग्नलमध्ये होतो, त्यामुळे माझं मत कोणत्या बाजूचं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी लिहितो.

२६/११ आठवा. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरताना अख्ख्या देशाने थेट पाहिले, आणि देशासोबत पाकिस्तानात बसलेल्या हल्लेखोरांच्या म्होरक्यांनीही पाहिले. तिथून ते फोनवर आत सूचना देत होते. कसाबच्या अपिलावर २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणाला कडक शब्दांत फटकारलं. त्या वेळी कॅमेरा मोजक्या वाहिन्यांकडे होता. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे. लष्करी ताफा रस्त्याने निघाला की कोणीतरी हौसेने रील बनवतो, त्यात पूल दिसतो, पाटी दिसते, गाड्या मोजता येतात. टाकणारा देशद्रोही नसतो, बहुतेक वेळा त्याच्या मनात अभिमानच असतो. पण तो मजकूर दहा मिनिटांत खाली यायला हवा. तिथे नोटीस, सुनावणी, समिती, यांना वेळ कुठे आहे?

दुसरं असं की कारण लिहून द्यायचं म्हणजे शत्रूला सांगायचं की तुमचं कोणतं खातं आम्ही कशावरून पकडलं. पुढच्या वेळी तो तीच खूण पुसून येईल. ही भीती खरी आहे, तिला बहाणा समजू नका.

खानदेशी_मास्तरीण

सिग्नलमॅन काकांच्या पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. मी धुळे जिल्ह्यात शिकवते. राईनपाड्याचं नाव काढलं की आजही आमच्याकडे लोक गप्प होतात.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस फोनवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं, तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. शेवटचा संदेश कापून टाकलेला, म्हणून पाहणाऱ्याला ते खरं अपहरण वाटायचं.

मला विचाराल तर 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' म्हणताना त्या पाच माणसांचं जगण्याचं स्वातंत्र्यही मोजायला हवं. भटक्यांचं पोट गावोगाव फिरण्यावर असतं. अफवेने त्यांचा रस्ताच बंद केला.

पण एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूणही आली. त्यासाठी कोणाचं खातं बंद करावं लागलं नाही की कोणाचे मेसेज वाचावे लागले नाहीत. अफवेचा वेग मोडला की पोलिसांना गावात पोहोचायला वेळ मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलैत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं. आमच्या गावात कोणालाही विचारा त्या अधिकाऱ्याचं नाव, एकालाही माहीत नसेल. ज्या अधिकाऱ्याला फोन करायचा तोच माहीत नसेल तर सुरक्षा गावापर्यंत पोहोचते कशी?

कोडवाला

ताईंचा मुद्दा पुढे नेतो, कारण राईनपाड्यासारख्या घटनांचंच बोट धरून सरकारने 'पहिला मेसेज कोणी पाठवला ते सांगा' ही मागणी लावून धरली. २०२१ च्या आयटी नियमांत ती आली: नियम ४(२). पन्नास लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांना लागू. व्हॉट्सअ‍ॅप त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्हाला इथून जावं लागेल.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. मेसेज माझ्या फोनवर कुलूपबंद होतो आणि तुमच्या फोनवरच उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. आता पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येक मेसेजला, म्हणजे आईला पाठवलेल्या 'पोचलो'लासुद्धा, ओळखीची खूण आधीच चिकटवून ठेवावी लागेल. कोणता मेसेज उद्या गुन्ह्यात सापडेल हे आज कोणालाच माहीत नसतं. म्हणजे एका अफवेखोरासाठी कोट्यवधी निरपराध माणसांच्या बोलण्यावर शिक्का मारायचा.

२०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात यावर चांगली तांत्रिक चर्चा झाली होती. आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांचं म्हणणं होतं की मूळ पाठवणाऱ्याची माहिती मेसेजला जोडता येईल. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यातली भोकं दाखवली: बदललेलं अ‍ॅप वापरून दुसऱ्याच्या नावाची खूण चिकटवता येते. म्हणजे सराईत माणूस सुटणार, आणि पोलीस ज्याच्या दारात येतील तो कदाचित साधा फॉरवर्ड करणारा असेल. शिवाय व्हिडिओ दुसऱ्या अ‍ॅपवरून उचलून इथे पहिल्यांदा टाकणारा 'पहिला' ठरतो, मूळ बनवणारा नाही. परदेशातून आला असेल तर भारतातला पहिला माणूस हाच मूळ पाठवणारा मानायचा, असं नियमातच लिहिलंय.

सिग्नलमॅन सर, तुम्ही सिग्नलवाले आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल: कच्चं केलेलं कुलूप सगळ्यांसाठीच कच्चं असतं. जवान घरी बोलतो तेही याच अ‍ॅपवरून.

सिग्नलमॅन७१

कुलपाचं पटलं. एन्क्रिप्शन कच्चं करायच्या मी विरोधात आहे, ते शेवटी आपल्याच माणसांवर उलटतं. माझा मुद्दा उघड्यावर टाकलेल्या मजकुराचा आहे, तो तसाच राहतो.

वकिलीण

दोन गोष्टी, जरा सविस्तर लिहिते.

पहिली, तातडीबद्दल. काकांनी मांडलेली अडचण २००९ च्या नियमांनी आधीच सोडवली आहे. नियम ९ खाली आणीबाणीत सुनावणीशिवाय लगेच बंद करता येतं, फक्त ४८ तासांच्या आत ते प्रकरण अधिकाऱ्यांच्या तपासणी समितीपुढे (फेरआढाव्याची ती वेगळी) न्यावं लागतं. म्हणजे दहा मिनिटांत रील उतरवायला कायद्याची आडकाठी नाही. प्रश्न उरतो तो नंतरचा: ताफा मुक्कामी पोहोचला, महिना उलटला, तरी खातं का बंद?

दुसरी, 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटलं की न्यायालयाने हात जोडावेत का? सर्वोच्च न्यायालयाने यावर अलीकडे स्वच्छ भूमिका घेतली आहे. पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी सांगितलं की सुरक्षेचा बागुलबुवा उभा केला म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही. ५ एप्रिल २०२३ ला मीडियावन या मल्याळी वाहिनीचा परवाना नाकारणारा आदेश रद्द झाला. तिथे गृह मंत्रालयाने कारणं बंद लिफाफ्यात दिली होती आणि वाहिनीला ती दाखवलीच नव्हती. आरोप काय ते न सांगता बचाव करायला लावणं हे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, आणि सुरक्षेचे दावे हवेतून करता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. शत्रूला खूण कळेल ही भीती असेल तर संवेदनशील भाग झाकून बाकीचा द्यावा, हा मार्गही त्याच निकालात आहे. रानवारा म्हणतात ती काळी केलेली ओळ हीच.

हे फक्त कागदावर आहे असंही नाही. हुंड्याचा हिशोब करून देणारं एक उपहासात्मक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद केलं गेलं. ते चालवणारा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली. हुंड्याच्या विडंबनाचा देशाच्या सुरक्षेशी काय संबंध, पण कुलूप तेच ६९अ चं.

उलट बाजूही सांगते. ट्विटरने अशाच आदेशांना कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते ३० जून २०२३ ला फेटाळलं गेलं आणि कंपनीला ५० लाखांचा दंड झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्सची याचिकाही फेटाळली. सहयोग हे गृह मंत्रालयाचं. तिथून कलम ७९(३)(ब) खाली नोटिसा जातात (नोटीस येऊनही मजकूर काढला नाही तर प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण जातं, असं ते कलम), आणि ६९अ मधली समिती वगैरे त्या वाटेवर लागतच नाही. माझ्या मते आज खरी काळजी या दुसऱ्या वाटेची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलून अशी नोटीस केंद्र-राज्यात सहसचिव आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने काढू नये असं केलं, मजकुराचा नेमका पत्ता आणि कारणही नोटिशीत सांगायला लावलं, ही चांगली सुधारणा. पण ते कारण जातं प्लॅटफॉर्मकडे. लिहिणारा अजूनही अंधारातच.

रंकाळ्याकाठी

कोल्हापूरहून. जून २०२३ मध्ये आमच्याकडे काही पोरांच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट गेलं. स्टेटस ठेवणारे मूठभर, फोन मुके झाले अख्ख्या जिल्ह्याचे. माझ्या दुकानात गिऱ्हाईक सामान काउंटरवर ठेवून परत जात होतं, कारण स्कॅनर चालेना आणि खिशात रोकड कोणाच्याच नाही. आणि गंमत सोडा, त्रास हा की अफवा थांबल्याच नाहीत. त्या तोंडी फिरू लागल्या, आणि खरं काय ते शोधायला कोणाकडे साधन उरलं नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथेही हा वाद जुना आहे. २०१७ मध्ये इथे कायदा झाला की उघड बेकायदा मजकूर तक्रार आल्यापासून २४ तासांत काढा, नाहीतर पाच कोटी युरोपर्यंत दंड. टीका अशी झाली की दंडाच्या धाकाने कंपन्या वैध मजकूरही उडवतील. आता युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा आहे, फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू. त्याचं कलम १७ म्हणजे जवळजवळ रानवारांची मागणीच: ज्याचा मजकूर काढला किंवा दाबला त्याला कारण कळवायचं, निर्णय यंत्राने घेतला की माणसाने तेही सांगायचं, आणि दाद कुठे मागायची तेही.

पण युरोप सोवळा आहे असं समजू नका. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाच्या आरटी आणि स्पुटनिकवर इथे बंदी घातली गेली, आणि युरोपीय न्यायालयाने जुलैमध्ये ती उचलून धरली. मला स्वतःला ती बंदी पटली. फरक इतकाच की बंदीचा आदेश राजपत्रात छापलेला होता, त्यात कारणं होती, आणि आरटीची फ्रान्समधली शाखा तो कागद घेऊन न्यायालयात गेली आणि हरली. हरण्यासाठीसुद्धा कागद हाती असावा लागतो.

खानदेशी_मास्तरीण

पुण्याच्या त्या मुलीबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून.

रानवारा

ताई, लिहिणारच होते. ऑपरेशन सिंदूरच्याच आठवड्यात पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे टाकली. सरकारवर टीका करणारी. धमक्या आल्यावर काही तासांत काढली, माफी मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, परीक्षा बुडू लागली. २७ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला लावलं, परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, आणि सरकारची प्रतिक्रिया टोकाची असल्याचं सुनावलं. पोस्ट मला आवडली नव्हती. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला येरवड्यात ठेवल्याने सीमेवरचा एक तरी जवान अधिक सुरक्षित झाला का, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारते.

पालघरही असंच. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. एकीने फेसबुकवर त्या बंदबद्दल लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला तो वेगळाच. जे ६६अ तिथे लावलं ते आलं कसं? २६/११ नंतर महिना व्हायच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेत जवळजवळ चर्चेविना मंजूर झालेल्या दुरुस्तीतून. दहशतीच्या सावलीत मागितलेला अधिकार चार वर्षांत एका लाइकपर्यंत पोहोचला. आणि २०१५ मध्ये ते कलम रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, इतकं की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

म्हणून सिग्नलमॅन काका, तुमची भीती खरी आहे असं मानूनच मी म्हणते की कारण लिहायला लावा. ताफ्याच्या रीलसाठी कारण लिहायला एक ओळ पुरते. जिथे ती एक ओळ लिहिता येत नाही, तिथे बहुधा सुरक्षेचा प्रश्नच नसतो.

सिग्नलमॅन७१

पोरीला तुरुंगात टाकण्याचं समर्थन मी करणार नाही. फौजेत आम्हाला आदेश लेखी मिळायचा, आणि देणाऱ्याची सही असायची. तोंडी आदेशावर गोळी चालवणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या न्यायाने कारण लेखी असावं हे मान्य. पण ते किती दिवसांत द्यायचं हे सैन्याला विचारून ठरवा. चार दिवस पुरणार नाहीत. मोहीम संपल्यावर तीस दिवस म्हणा, आणि तोवर किती खाती बंद केली तो आकडा तरी संसदेत ठेवा. आकड्याने शत्रूला काही कळत नाही.

वकिलीण

तीस दिवस आणि संसदेत आकडा, यावर मी आत्ता सही करते. आकड्याचं महत्त्व किती ते इंटरनेटबंदीवरून दिसतं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला आढळलं की देशात किती वेळा इंटरनेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे आहे ना गृह मंत्रालयाकडे. मोजणीच नसेल तर त्याने काही साधलं का हे तपासणार कशावरून?

रंकाळ्याकाठी

वकील ताई, एक व्यवहारातलं विचारतो. उद्या माझ्यासारख्याचं खातं असं रोखलं गेलं तर करायचं काय?

वकिलीण

प्लॅटफॉर्मकडून आलेला ईमेल जपून ठेवा आणि स्क्रीनशॉट तारखेसह काढा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा: आदेश ६९अ खाली की ७९ खाली, तारीख कोणती, कोणत्या पोस्टबद्दल. कंपनीने स्वतःच्या नियमाने काढलं असेल तर २०२३ पासून तक्रार अपील समित्या आहेत, तिथे ऑनलाइन अपील होतं. सरकारी आदेश असेल तर इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे आदेशाची प्रत आणि सुनावणी मागा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. वर सांगितलेला दिल्लीचा आदेश अर्जाला जोडा. आणि गुन्हा नोंदवायची धमकी असेल तर हे लक्षात ठेवा: मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सांगितलं, की बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, तिथे पोलिसांनी आधी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे प्राथमिक चौकशी करणं योग्य. ठाण्यात जाताना त्या कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या.